अगदी बारीक आवाज टिपायचे आहेत, माइक कोणता घ्यावा?

रेघोटी

नमस्कार मंडळी.

सध्या मला एक नाद लागलाय. घरातले जे आवाज कान जवळ नेल्याशिवाय ऐकूच येत नाहीत, ते रेकॉर्ड करायचे. कागदावर फिरणारी पेन्सिल, साबणाचा फेस बसतानाची चुरचुर, मनगटी घड्याळाची टिकटिक, कापडातून ओढला जाणारा दोरा, झोपलेल्या मांजराचा श्वास. यादी वाढतच चालली आहे.

माझ्याकडे हातात मावणारा, अंगचेच माइक असलेला एक रेकॉर्डर आहे आणि फोन आहे. रेकॉर्डरचा गेन (आवाज वाढवायची पातळी) चढवला की पेन्सिल ऐकू येते, पण तिच्याहून मोठ्याने सूंऽऽ ऐकू येतं. फोनवर सूंऽऽ अजिबात नाही. पेन्सिलही नाही!

आतापर्यंत मिळालेले सल्ले असे: शॉटगन माइक घे, तो लांबचं जवळ आणतो. नाहीतर शुअर एसएम७बी घे, त्यात खोलीतला गोंगाट येत नाही. नाहीतर ३२-बिट फ्लोटवाला रेकॉर्डर घे, मग गेनची कटकटच नाही. यातल्या एकानेही कधी पेन्सिल रेकॉर्ड केली नसावी असा मला दाट संशय आहे. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

खुडबुड्या

फोनचं कोडं सोपं आहे. फोनमधलं सॉफ्टवेअर बोलणं स्वच्छ यावं म्हणून बनवलेलं असतं. बारीक आणि सतत एकसारखं जे काही कानावर येईल ते गोंगाट समजून कापून टाकतं. तुमची पेन्सिल त्याच्या लेखी गोंगाटच. काही रेकॉर्डिंग अ‍ॅपमध्ये ही कापाकापी बंद करायची सोय असते, ती शोधा.

तरी फोनच्या भरवशावर राहू नका. त्यातल्या चिमुकल्या माइकचा सिग्नल-टू-नॉइज रेशो, म्हणजे हवा तो आवाज नको त्या आवाजाच्या किती वर आहे ते, साधारण ६५ डीबीच्या आसपास असतो. ९४ मधून ६५ गेले, राहिले २९. इतका त्याचा स्वतःचाच आवाज.

रेघोटी

९४ कुठून आले?

कानसेन

माइकची मोजणी १ पास्कल दाबावर करायचा रिवाज आहे आणि १ पास्कल म्हणजे ९४ डीबी. म्हणून कंपनीने नुसता सिग्नल-टू-नॉइज रेशो दिला असेल तर तो ९४ मधून वजा करायचा, की माइकचा सेल्फ नॉइज मिळतो. समोर काहीच वाजत नसताना माइक स्वतः जो सूंऽऽ करतो तो. हा आकडा डीबीएमध्ये (कानाच्या संवेदनेप्रमाणे तोललेल्या, म्हणजे ए-वेटिंग लावलेल्या डीबीमध्ये) देतात, आणि जितका कमी तितकं तुमचं भलं.

काही ओळखीचे माइक घेऊ, सोबत त्यांचा सेल्फ नॉइज. रोड एनटी१-ए ५ डीबीए, त्याचा नवा भाऊ पाचव्या पिढीचा एनटी१ ४ डीबीए. नॉयमन टीएलएम १०३ चा ७. सेनहायझर एमकेएच ८०२० चा १०, एमकेएच ४१६ या शॉटगनचा १३. रोड एनटी५ चा १६. डीपीए ४०६० हा कॉलरला लावायचा माइक फार नावाजलेला, पण त्याचा २३. तो वाईट आहे म्हणून नव्हे, इवलासा आहे म्हणून. आवाजाने थरथरणारा पडदा मोठा असला की हवेच्या रेणूंचे अनियमित धक्के मोठ्या क्षेत्रावर एकमेकांत जिरतात, शिवाय कॅप्सूलची (पडदा बसवलेल्या भागाची) कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार धरायची क्षमता, वाढते आणि आतल्या सर्किटचा नॉइज तुलनेने मागे पडतो. त्यामुळे १ इंची पडद्याचे माइक या बाबतीत पुढे असतात.

तुमच्या कामाला १५ च्या वरचा माइक नको असं माझं मत.

बिनआवाजी

कानसेन, आकडे बरोबर आहेत पण उपयोग काय? रात्री सगळं बंद केल्यावरही घरातली शांत खोली २५ ते ३० डीबीए असते. खोलीच ३० ची असेल तर माइक ५ चा काय आणि १५ चा काय. आधी खोली शांत करा, माइक मग बघू.

कानसेन

हा मुद्दा येणार हे माहीत होतं :)

डीबीए हा एकच आकडा सगळ्या फ्रिक्वेन्सींची बेरीज करून देतो. खोलीचा आवाज बहुतेक करून खालच्या पट्टीत असतो: रस्त्याची घरघर, पंपाची गुरगुर, कुणाच्या तरी यंत्राची थरथर. माइकचा हिस, म्हणजे तो सूंऽऽ, वरच्या पट्टीतही भरपूर असतो. पेन्सिलीची खरखर, फेसाची चुरचुर, श्वास, हे सगळं तिथेच राहतं. खालची घरघर फिल्टरने कापता येते, ८० हर्ट्झला काय, पेन्सिलीसाठी २०० हर्ट्झला कापली तरी काही जात नाही. वरचा हिस कापायला गेलात की पेन्सिलही जाते. म्हणून ३० डीबीएच्या खोलीतसुद्धा १६ चा आणि ५ चा माइक कानाने वेगळा ओळखू येतो.

बिनआवाजी

५ आणि १६ कळेल, मान्य. ५ आणि १० मधला फरक घरच्या खोलीत कळतो हे मात्र मला अजून कुणी ऐकवलेलं नाही.

कानसेन

५ आणि १० वर भांडणार नाही.

शिवणटिपण

मी हौशी श्राव्यनाटकांसाठी आवाज करते, त्यामुळे हा सगळा खटाटोप रोजचा आहे. माइकच्या आधी एक प्रश्न विचारायला हवा आणि तो इथे कुणी विचारलेला नाही: आवाज कोणत्या जातीचा आहे?

घड्याळाची टिकटिक म्हणजे क्षणभर आवाजाचं टोक आणि मग मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेतला हिस नंतर सॉफ्टवेअरने काढता येतो, टोकाला फारसा धक्का लागत नाही. पुस्तकाचं पान उलटणं, टाचणी पडणं, काडी मोडणं, सगळी याच जातीची. यांना मध्यम माइक पुरतो.

फेस, श्वास, कापडावर फिरणारा हात, मेणबत्तीच्या ज्योतीची फुरफुर हे आवाज मुळातच हिससारखे असतात. नॉइज रिडक्शनला माइकचा हिस आणि फेसाची चुरचुर यांतला फरक कळत नाही. सुरुवातीच्या कोऱ्या भागावरून हिसचा नमुना घेऊन तुम्ही तो वजा करायला सांगितलं की तो निम्मा फेस घेऊन जातो, आणि उरतं ते पाण्याखालून टुणटुण केल्यासारखं ऐकू येतं. अशा आवाजांना सेल्फ नॉइज मुळातच कमी हवा. ते नंतर दुरुस्त होत नाहीत.

रेघोटी, तुझ्या यादीत दुसऱ्या जातीचे बरेच आहेत. म्हणून कानसेन म्हणतात ते तुला लागू आहे आणि बिनआवाजी यांचं घड्याळापुरतं लागू आहे.

उंटावरचा शहाणा

वाखु (वाचनखूण) साठवली.

खुडबुड्या

+१ शिवणटिपण. ही विभागणी कुठल्याच माइकच्या रिव्ह्यूमध्ये दिसत नाही.

रेघोटी

वा, हे फारच उपयोगाचं आहे. मग एसएम७बी बाद का? त्याच्या माहितीपत्रकात सेल्फ नॉइजचा आकडाच नाही, म्हणजे नॉइज नाही असा मी अर्थ लावत होते.

कानसेन

एसएम७बी हा डायनॅमिक माइक, तारेच्या गुंडाळीवर (कॉइलवर) चालणारा. अशांत सर्किट नसतं म्हणून सहसा आकडा छापत नाहीत. पण त्यातल्या कॉइलला रोध असतो, आणि कुठलाही रोध खोलीच्या तापमानाला थोडा नॉइज करतोच. १५० ओहमचा नॉइज २० किलोहर्ट्झपर्यंत साधारण उणे १३१ डीबीयू (व्होल्टेजचं डीबीतलं माप, जितकं उणे तितका नॉइज कमी). भौतिकशास्त्राने घालून दिलेला तळ आहे तो, त्याच्या खाली कुणी जात नाही.

आता एसएम७बीची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक दाबाला तो किती व्होल्टेज देतो ते, १ पास्कलला १.१२ मिलिव्होल्ट. एनटी१-ए तेवढ्याच दाबाला २५ मिलिव्होल्ट देतो. उणे १२७ डीबीयूचा चांगला प्रीअँप (माइकचा बारीक सिग्नल वाढवणारं सर्किट) घेतला तर त्याचा नॉइज साधारण ०.३५ मायक्रोव्होल्ट. एसएम७बीच्या हिशोबात मांडलं तर हा २४ डीबीच्या आवाजाइतका झाला. प्रीअँप अगदी आदर्श मिळाला तरी २० च्या आसपास अडकणार. मध्ये बूस्टर लावला तर रद्दी प्रीअँप झाकला जातो, पण हा तळ काही सरकत नाही.

तोंडाला लावून बोलायला हा माइक उत्तम. पेन्सिलीला नको. खोलीतला गोंगाट कमी येतो असं वाटतं ते बोलणारा त्याला चिकटून बसलेला असतो म्हणून.

उंटावरचा शहाणा

म्हणजे एनटी१-ए घ्या आणि विषय संपवा. की नाही?

कानसेन

शहाणे, थांबा. तो कशाला जोडणार?

रेकॉर्डरच्या पत्रकात ईआयएन नावाचा आकडा शोधा, म्हणजे इनपुटपाशी प्रीअँपचा स्वतःचा नॉइज किती. चांगल्यांचा उणे १२७ डीबीयू किंवा त्याहून खाली असतो. झूम एफ३ उणे १२७ वाला आहे. जुन्या किंवा साध्या रेकॉर्डरमध्ये तो उणे ११० लाही सापडेल. अशा इनपुटचा नॉइज २.४५ मायक्रोव्होल्ट. एनटी१-एच्या २५ मिलिव्होल्टशी तुलना केली तर १४ डीबीइतका. माइक स्वतः ५ चा, पण दोन्ही मिळून १४ च्या किंचित वर.

आता प्रायमो ईएम२७२ ही कॅप्सूल घ्या, नाण्यापेक्षा लहान, ओम्नी (सगळीकडून सारखं ऐकणारी), सेल्फ नॉइज १४ डीबीए. पण तिची सेन्सिटिव्हिटी आहे उणे २८ डीबी, म्हणजे १ पास्कलला ४० मिलिव्होल्ट. त्याच वाईट इनपुटचा नॉइज तिच्यापुढे १० च्या खाली बसतो, आणि एकूण होतात साधारण १५ आणि थोडं. म्हणजे खराब रेकॉर्डरवर स्टुडिओचा मोठा माइक आणि ही टिकली यांत जेमतेम १ डीबीचा फरक. दोन्ही एकाच इनपुटला जोडलेत असं धरलंय, आणि ए-वेटिंगचा बारकावा सोडून दिलाय, त्यामुळे हिशोब ढोबळ आहे. पण त्यातून निघणारं गणित खरं आहे: सेल्फ नॉइज आणि सेन्सिटिव्हिटी हे दोन आकडे जोडीने बघायचे, आणि ते तुमच्या रेकॉर्डरच्या आकड्याशेजारी ठेवून.

खुडबुड्या

ईएम२७२ मला सगळ्यात आवडते ती एका वेगळ्याच कारणाने. ती आत शिरते. खोक्यात, कपाटाच्या फटीत, पुस्तकाच्या पानांमध्ये, घड्याळाच्या काचेवर. एनटी१-एचा सोटा घेऊन हे करून दाखवा.

आणि जवळ जाण्याचा हिशोब कुणी मांडला नाही म्हणून मांडतो. लहान उगमापासूनचं अंतर निम्मं केलं की ६ डीबी वाढतात. १ मीटरवरून साडेबारा सेंटिमीटरवर आलात की १८ डीबी. वरच्या यादीत २३ चा डीपीए सोडून ५ चा एनटी१-ए घेतला तर मिळतात तेही १८. एक खरेदी करून, दुसरे खुर्ची पुढे ओढून.

अगदी चिकटल्यावर हा नियम लंगडा पडतो. टेबलभर पसरलेल्या फेसापाशी ५ सेंटिमीटरवरून अडीचवर गेलात तर पूर्ण ६ मिळणार नाहीत, कारण उगम आता ठिपका राहिलेला नसतो. तरी जवळ जाण्यासारखं दुसरं काही नाही. कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं ऐकणारा) माइक इतका जवळ नेला की बास फुगतो, हेही लक्षात असू द्या. ओम्नीला तो त्रास नाही.

कॅप्सूलला थोडा वीजपुरवठा लागतो. बऱ्याच हातातल्या रेकॉर्डरच्या ३.५ मिमी माइक इनपुटला प्लग-इन पॉवर असते, मेनूत चालू करावी लागते. ४८ व्होल्टच्या फँटम पॉवरला (मोठ्या माइकांसाठीच्या वीजपुरवठ्याला) थेट जोडू नका, मध्ये अडॅप्टर हवा.

रेघोटी

रेकॉर्डरला प्लग-इन पॉवर आहे, आत्ताच बघितलं. आणि शॉटगन?

शिवणटिपण

शॉटगनला दुर्बीण समजणं बंद व्हायला हवं. तो काहीही मोठं करत नाही. त्याच्या नळीला बाजूने फटी असतात, बाजूचा आवाज त्यांतून वेगवेगळ्या वेळी आत येतो आणि आपापसात बराचसा कटतो. समोरचा जसाच्या तसा राहतो. हेही फक्त वरच्या फ्रिक्वेन्सींना, जिथे तरंगलांबी नळीच्या मानाने लहान असते. बंद खोलीत भिंतींवरून परतलेले आवाज सगळीकडून नळीत घुसतात आणि पेन्सिल पोकळ, डब्यात बसल्यासारखी ऐकू येते. उघड्यावर, जवळ जाताच येत नसेल तेव्हा तो कामाचा. तुला पेन्सिलीजवळ जायला कुणी अडवलंय?

बिनआवाजी

काँटॅक्ट माइकचं कुणीच बोलत नाही. पिएझोची (कंपनांची वीज करणारी) चकती वस्तूला चिकटवली की हवेचा प्रश्नच मिटतो. शेजारी कुणी बोलत असेल तरी जवळजवळ येत नाही. घड्याळ, लाकडी फळीवर ठेवलेल्या कागदावरची पेन्सिल, कुलपात फिरणारी किल्ली, पाण्याच्या नळाच्या आतली कुजबुज.

कानसेन

बरोबर, पण चकती साध्या माइक इनपुटला जोडली तर आवाज पत्र्यासारखा येतो आणि लोक चकतीला नावं ठेवतात. चकती म्हणजे विजेच्या नजरेतून एक कपॅसिटर. १५ नॅनोफॅरडची चकती ३ किलोओहमच्या इनपुटला लावली तर साडेतीन किलोहर्ट्झच्या खालचं सगळं उतरत जातं. तीच १ मेगाओहमच्या इनपुटला लावली तर १० हर्ट्झपर्यंत शाबूत. ऑडिओ इंटरफेसवर गिटारसाठी जो इनपुट असतो तो साधारण १ मेगाओहमचा असतो, तिथे लावा. नाहीतर चकतीसाठीच बनवलेला छोटा प्रीअँप मध्ये घ्या.

एक लक्षात ठेवा, चकतीतून येतो तो वस्तूच्या अंगातला आवाज. कानाला हवेतून ऐकू येणारी पेन्सिल ती नव्हे. मला स्वतःला दोन्ही वेगळे घेऊन मिसळायला आवडतं.

शिवणटिपण

फेस, श्वास, ज्योत यांना चकतीचा उपयोग नाही, हे आपलं नोंदीसाठी.

आता बिनआवाजी यांच्या खोलीकडे वळू, कारण तो मुद्दा मध्येच राहून गेला. फ्रीज बंद करा आणि आठवणीने परत चालू करा, गाडीची किल्ली फ्रीजमध्ये ठेवली की विसरायला होत नाही. भिंतीवरचं घड्याळ बाहेर. एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर गुणगुणतात, विशेषतः डिमरवर, म्हणून अंधारात किंवा विजेरीवर काम करा. रेकॉर्डर बॅटरीवर चालवा, चार्जरमधून ५० हर्ट्झचं गुंजन आत येऊ शकतं. फोन विमान मोडवर आणि दुसऱ्या खोलीत.

गोधड्या टांगून बाहेरची वाहतूक थांबत नाही. त्यांनी खोलीतला घुमा कमी होतो, एवढंच. बाहेरचं थांबवायला जड भिंत आणि बंद फटी लागतात, ते आपल्या हातात नसतं, म्हणून पहाटेची वेळ निवडायची.

सर्वांत गोंगाट करणारी वस्तू म्हणजे आपण. सुती, जुने, मऊ कपडे. अंगावर किणकिणणारं काही नको. माइक आणि ज्याचा आवाज घ्यायचा ती वस्तू एकाच टेबलावर ठेवू नका, टेबल सगळं माइकला सांगतं. केबल स्टँडला एक वेढा देऊन सैल सोडा. आणि जो आवाज आपोआप होतो, घड्याळ, फेस, त्याला रेकॉर्डिंग चालू करून सरळ खोलीबाहेर निघून जा.

उंटावरचा शहाणा

अवांतर: मायक्रोसॉफ्टच्या रेडमंडमधल्या निःशब्द खोलीत २०१५ मध्ये उणे २०.३५ डीबीए मोजले गेले होते. शून्याच्या खाली आवाज कसा असतो बुवा?

कानसेन

शून्य डीबी म्हणजे शांतता नव्हे. २० मायक्रोपास्कल दाबाला शून्य म्हणायचं ठरलंय, निरोगी कानाला जेमतेम ऐकू येतं तेवढा दाब. त्याहून कमी दाब असू शकतोच. आणि त्या खोलीत आपले हे सगळे माइक स्वतःच सगळ्यात मोठ्याने बोलत असतील.

रेघोटी

तुमच्या सूचनांनुसार आहे त्याच सामानावर काल पेन्सिल पुन्हा घेतली. रेकॉर्डर वेगळ्या स्टँडवर, कागदापासून वीतभर अंतरावर, दिवे बंद, फ्रीज बंद. सूंऽऽ आहेच, पण आता पेन्सिल त्याच्यावर आहे. फेस मात्र हिसमध्ये विरघळून गेला, शिवणटिपण ताई म्हणाल्या तसाच.

तर ईएम२७२ च्या दोन कॅप्सूल घ्यायचं ठरवतेय. मोठा माइक रेकॉर्डर बदलेन तेव्हा. शेवटचे तीन प्रश्न: ३२-बिट फ्लोट, दोन कॅप्सूलची स्टिरिओ मांडणी, आणि मांजर.

खुडबुड्या

३२-बिट फ्लोटने हिस एक कणही कमी होत नाही. माइक आणि प्रीअँपचा नॉइज त्याच्या आधीच सिग्नलमध्ये मिसळलेला असतो. फायदा एवढाच की बारीक आवाज चालू असताना अचानक काही आपटलं तर क्लिप होत नाही, म्हणजे आवाज फाटत नाही. तुमच्या कामात २४-बिट पुरेसं आहे.

स्टिरिओचं म्हणाल तर इतक्या जवळून दोन कॅप्सूलमध्ये कानाएवढं अंतर ठेवलंत तर पेन्सिल एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे उड्या मारेल. तसा परिणाम हवा असेल तर मजा येते. नको असेल तर दोन्ही कॅप्सूल अगदी शेजारी, उगमापासून सारख्या अंतरावर ठेवा आणि मोनोत मिळवा. आवाज दोन्हींत सारखाच, तो ६ डीबी वाढतो. हिस दोन्हींचा वेगळा, तो ३ च वाढतो. निव्वळ ३ डीबी पदरात. फेसासाठी हेच करा.

कानसेन

पुढे मोठा माइक घ्याल तेव्हा एक गोष्ट: दमट हवेत कंडेन्सर माइकचा (एनटी१-ए सारख्यांचा) पडदा तडतडू लागतो. सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर बंद डब्यात ठेवा. सेनहायझरचे एमकेएच रेडिओ फ्रिक्वेन्सी पद्धतीने चालतात म्हणून दमटपणात बरेच टिकतात, बाहेर रेकॉर्डिंग करणारे त्यांच्या मागे असतात ते त्यामुळेही.

शिवणटिपण

मांजर माझ्याकडे आहे, म्हणून सांगते. झोपलेल्या मांजराकडे माइक नेऊ नकोस, ते उठून माइक हुंगतं आणि मग त्यावर गाल घासतं. त्याच्या झोपायच्या जागी कॅप्सूल आधीपासूनच लावून ठेव, काही दिवसांत त्यातलं नवल संपतं. केबल चघळता येणार नाही अशी मागून आण. नाकासमोर धरायची नाही, थोडी वर किंवा बाजूला, आणि स्पंजची टोपी घालून, नाहीतर उच्छ्वासाचे फटके बसतात. आणि रेकॉर्डर लांब, कारण ते झोपलंय हे कळल्यावर तुला बटण दाबायला जायचंय.

रेघोटी

ताई, रेकॉर्डर रात्रभर चालूच ठेवला तर?

शिवणटिपण

ठेव. कार्ड मोठं घाल.